बुडालेल्या फोर-बाय-फोरला सेल मारण्याआधी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्याची विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, फतेगंज, अकोटा या भागांतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. उंच चाकांच्या थार, जिप्सी, बोलेरोही त्यातून सुटल्या नाहीत. पाणी ओसरल्यावर माणूस खाली येतो, दार उघडतो, आतलं गढूळ पाणी पायांवरून वाहून जातं आणि हात सवयीने चावीकडे जातो. बुडूनही वाचलेलं इंजिन तिथेच मरतं.

जांबुघोड्याच्या वाटेवरचा ओढा असो, ओरसंगचं पात्र असो की सोसायटीचं पार्किंग, इंजिन पाण्याखाली गेलं असेल तर चावी खिशात राहू द्या. सेल, म्हणजे स्टार्टर, मारायचा नाही, ‘फक्त लाइट लागतात का बघू’ म्हणून स्विचही ऑन करायचा नाही. आणि धक्का स्टार्ट तर मुळीच नाही, कारण गिअरमध्ये टाकून ढकललेल्या दीड-दोन टनांच्या गाडीचा सगळा जोर थेट कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. चार सिलिंडरच्या २.२ लिटर डिझेल इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान साधारण ५४५ घन सेंटिमीटर असतं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १६ धरला, तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरते जेमतेम ३६ मिलिलिटर जागा, म्हणजे अर्धा कटिंग चहाही मावणार नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन अडतो. नुसत्या सेलच्या जोराने बऱ्याचदा इंजिन ‘टक्’ करून थांबतं आणि वाचतंही. पण एका सिलिंडरमध्ये पाणी आणि शेजारचा कोरडा सिलिंडर पेट घेतो, तेव्हा फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, थांबत नाही, मग रॉड वाकतो. जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनात ही जागा ४० मिलिलिटरच्या आसपास आहे. म्हणजे पेट्रोल गाडीलाही फार सवलत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पाण्याखाली पूर्ण बुडालेल्या लोखंडापेक्षा पाण्यातून बाहेर आलेलं ओलं लोखंड कितीतरी लवकर गंजतं, कारण आता त्याला भरपूर हवा मिळते. सिलिंडरच्या घासलेल्या भिंतीवर काही तासांतच तांबूस थर दिसू लागतो. त्यामुळे घाई पाणी उतरल्यानंतर करायची आणि ती चावी फिरवण्याची नव्हे, सिलिंडरमध्ये तेल पोचवण्याची. गॅरेजमध्ये आठवड्याची रांग असेल तर निदान सिलिंडरमध्ये तेल सोडण्यापर्यंतची कामं जागेवरच करून घ्या.

हात लावण्याआधी

बडोद्यात एक सूचना आधी द्यावी लागते. गाडीखाली वाकण्याआधी टॉर्च मारून, लांब काठीने चाचपून बघा. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत शिरतात. साप तर बोनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यामागे कोरडी जागा शोधून बसतात. मगर दिसली तर लांब व्हा आणि वनखात्याला कळवा.

मग मोबाईलवर फोटो. पाण्याची रेघ दारावर, सीटवर, डॅशबोर्डवर कुठे उमटली आहे ते नंबर प्लेटसकट टिपा आणि काहीही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. पुराचं नुकसान सर्वसमावेशक विम्यात येतं, पण पाणी शिरल्यावर सेल मारून तुटलेलं इंजिन हे ‘मागाहून झालेलं नुकसान’ म्हणून नाकारलं जाऊ शकतं. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर असेल तर त्याच्या अटी आजच वाचा.

त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग पॉझिटिव्ह. तारा काढून निदान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगचे कनेक्टर पिवळ्या रंगाचे असतात, त्यांना हात लावू नका.

गाडी हलवायची असेल तर न्यूट्रलमध्ये, फोर व्हील ड्राइव्ह सोडवून, आणि शक्यतो चारही चाकं उचलणाऱ्या फ्लॅटबेडवर. गिअरबॉक्समध्ये पाणी असताना गाडी चाकांवर दहा-बारा किलोमीटर ओढली, तर बेअरिंग तेलाशिवाय फिरतात.

पाणी कुठवर गेलंय

एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला किंवा चिखलाळ असेल तर तो फेकायचा, वाळवून परत बसवायचा नाही. मग फिल्टरच्या पुढची, इंजिनकडे जाणारी नळी सोडवा, बोटाला पांढरं फडकं गुंडाळा आणि आतून फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ आलं तर या वाटेने पाणी गेलेलं नाही. पण तेवढ्यावर सोडू नका. उभ्या, बंद गाडीत पाणी सायलेन्सरमधूनही वर चढतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल त्यात जाऊन बसतं. म्हणून पाण्याची रेघ हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, वर गेली असेल, तर फडकं काहीही सांगो, प्लग काढायचेच.

टर्बो गाडीत इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजचा क्लॅम्प सोडा. पाणी तिथे साठून राहतं आणि पहिल्याच रेसला सगळं एकदम इंजिनात ओढलं जातं. इंटरकूलर काढून उलटा करून निथळवलेला बरा. टर्बोचं चाक बोटाने फिरवून पाहा, ते खरखर न करता सुटं फिरलं पाहिजे.

आता ऑईलची पट्टी. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर प्रश्नच नाही. फसवणारी स्थिती वेगळीच असते. गाडी एक-दोन दिवस स्थिर उभी असली तर पाणी चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याच्या, तळाशी जातं आणि पट्टीवर येतं ते वर तरंगणारं काळं, स्वच्छ ऑईल. तेव्हा रंगाकडे नको, पातळीकडे बघा. वरच्या खुणेपेक्षा दोन बोटं जास्त असेल तर ते दोन बोटं पाणी आहे.

चेंबर रिकामा करा

गाडी सपाट जागी हवी. ड्रेन नटखाली पारदर्शक बरणी धरा आणि नट पूर्ण न काढता दोन-तीन आटेच सैल करा. पाणी असेल तर पहिल्यांदा तेच येईल, मातकट, पातळ, मग अचानक घट्ट काळी धार. किती पाणी निघालं ते मोजून ठेवा. पेला-अर्धा पेला म्हणजे ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) झिरपलेलं, लिटरभर किंवा जास्त म्हणजे इंजिन आतून भरलेलं.

निघालेलं सगळं जुन्या सुती धोतराच्या कापडातून गाळा. कापडावर राहिलेला गाळ बोटांत चोळून पाहा. किरकिर लागली, म्हणजे बारीक वाळू आहे, तर चेंबर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पूर उतरल्यावर मागे राहणारा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो ऑईल पंपाच्या जाळीवर बसतो, जाळी चोंदते आणि चालू इंजिनात प्रेशर पडतं. जाळीतून निसटला तर क्रँकच्या बेअरिंगला पॉलिश पेपरसारखा घासतो. चेंबर उतरवायला तीन-चार तास जातात. या सगळ्या कामात लोक सर्वांत जास्त इथेच आळस करतात आणि दोन महिन्यांनी क्रँक लेथवर न्यावा लागतो.

सिलिंडर मोकळे करणं

प्लग किंवा नोझल काढण्याआधी त्यांच्या भोवतीचे खड्डे ब्रशने आणि हवेने साफ करा. तिथला चिखल प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडतो.

पेट्रोल गाडीत काम सोपं आहे, कॉइल काढा आणि चारही स्पार्क प्लग काढा. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतात, तिथे हिटर प्लग काढायचे, पण थंड, गंजलेल्या हेडमधून ते तुटतात आणि तुटलेलं टोक काढायला कधीकधी हेड उतरवावं लागतं. त्यामुळे सकाळी आल्याआल्या त्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा, दोन तास बाकीची कामं करा आणि मग लहान रॅचेटने पाव फेरा मागे, थोडा पुढे असं करत सोडवा. घट्टच लागला तर जोर करू नका, त्याऐवजी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर) काढा. कॉमन रेलचं (आजच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचं) नोझल ज्या सिलिंडरचं त्याच सिलिंडरला परत बसलं पाहिजे, म्हणून काढताच नंबर टाका. खालचं तांब्याचं वायसर नवीन घ्या आणि पाइपांची उघडी तोंडं लगेच बंद करा.

आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट) आणि लांब टॉमी (दांडा) लावा, पुलीसमोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. भोकांमधून पाणी बाहेर येईल. हाताला सारखाच जोर लागला तर उत्तम. एका जागी अडलं तर थांबा, टॉमीला पाइप जोडून ताकद लावू नका.

हाताने फिरल्यावरच सेलची पाळी. बॅटरी बाहेरची, सुकी आणि चार्ज झालेली वापरा. पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा रिले काढून ठेवा. डिझेलमध्ये नोझलचे कनेक्टर काढा, नोझलच उतरवली असतील तर पंपातून डिझेल येणार नाही याची खात्री करा. भोकांवर जाड कापड टाका, समोर वाकून बघू नका, आणि पाच सेकंद सेल, अर्धा मिनिट विश्रांती असं चार-पाचदा करा. भोकांतून येणारा फवारा धुक्यासारखा होऊन संपला की बास. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिलिलिटर इंजिन ऑईल सिरिंजने सोडा आणि पुन्हा हाताने दोन फेरे. गंजाचा धोका इथे थांबला. पुढचं काम आता चार दिवसांनी केलं तरी चालेल, मात्र रोज एकदा पुली दोन फेरे फिरवा.

इंजिन जाम असेल, म्हणजे गाडी आठवडाभर तशीच पडलेली असेल, तर ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल आणि डिझेल समसमान मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० मिलिलिटर घाला आणि २४ ते ४८ तास मुरू द्या. मग टॉमीने थोडं पुढे, थोडं मागे, अगदी नखभर हलवत सोडवा. जबरदस्तीने रिंग तुटतात. सुटल्यावर हे मिश्रण सेल मारून, भोकं उघडी ठेवूनच, बाहेर काढायला विसरू नका. तेही द्रवच आहे, पाण्यासारखंच अडवतं.

रॉड सरळ आहे का

गाडी बंद असताना बुडाली असेल आणि कुणी सेल मारला नसेल, तर रॉड वाकण्याचं कारण नाही. पण गाडी चालू असताना पाण्यात शिरून ‘धक्’ करून बंद पडली असेल, ओढ्यात किंवा अंडरपासमध्ये, तर रॉड वाकलाय असं धरूनच चाला आणि मोजून खात्री करा. स्पार्क प्लगच्या किंवा नोझलच्या भोकातून ब्रेझिंगची सरळ पितळी काडी पिस्टनवर टेकवा, पुली हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर आणा आणि काडीवर खूण करा. चारही सिलिंडरसाठी हेच, काडी तीच, टेकायची जागा तीच. खुणांची लांबी व्हर्नियरने मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी खाली राहिला तरी तो रॉड वाकलेला समजा. कॉम्प्रेशन गेजही हेच सांगतो. चारही आकडे जवळपास सारखे हवेत, एखादा १० टक्क्यांहून खाली असेल तर इंजिन उघडायचं.

किंचित वाकलेल्या रॉडवर इंजिन सुरू होतं, चालतं, नीट ओढतंही. मग काही आठवड्यांनी हायवेवर तो रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. रॉड बदलण्याचा खर्च आणि नवीन ब्लॉकचा खर्च यांची तुलनाच नाही.

इंधन

टाकीतलं थोडं डिझेल तळातून काढून काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा. पाणी खाली, डिझेल वर, मधली रेघ स्पष्ट दिसते. थेंबभरही पाणी दिसलं तर टाकी उतरवून पूर्ण साफ करा, फिल्टर नवीन घाला, वॉटर सेपरेटर रिकामा करा. कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पाण्याने तो आणि नोझल दोन्ही ओरखडतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या थोडं सहन करतात, पण त्यांच्यावरही प्रयोग नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. पाणी मिसळलं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी जातं आणि वर राहतं ते इथेनॉल नसलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल. म्हणून तळाचं काढून वरचं वापरता येत नाही. टाकी रिकामी करून नवीनच भरायचं.

वायरिंग

गॅरेजवाला प्रेशर वॉशर घेऊन इंजिन धुवायला निघाला तर थांबवा. चिखल साध्या पाण्याच्या हलक्या धारेने आणि ब्रशने काढा. फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरचे कनेक्टर एकेक उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा, थंड ब्लोअरने सुकवा. पिनांवर हिरवट थर असेल तर मऊ ब्रशने काढा. ईसीयू बुडाला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत बॅटरी जोडायची नाही. सेल मोटर आणि डायनामो उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडून घ्या, आतल्या गाळाने कार्बन ब्रश अडकतात आणि बेअरिंग खातात.

पहिला स्टार्ट

नवीन ऑईल फिल्टर आणि साधं १५डब्ल्यू-४० मिनरल ऑईल भरा, किती लागतं ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघून. एकूण तीन भरणीचं ऑईल आणि तीन फिल्टर आणून ठेवा. पहिली भरणी फक्त सेलवर फिरवायची, इंधन बंद, प्लग बाहेर, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मग काढून टाका. ती दुधाळच निघेल.

दुसऱ्या भरणीनंतर प्लग, नवीन एअर फिल्टर, होज सगळं बसवा आणि स्टार्ट करा. रेस देऊ नका. सायलेन्सरमधून पाणी आणि पांढरा धूर येईल, दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरला पाहिजे. धूर थांबतच नाही आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट बघा. ठोका ऐकू आला तर क्षणात बंद. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, चिखल गेला असेल तर तो काढून साफ केल्याशिवाय स्टार्ट करू नका, धूर जायलाच वाट राहत नाही. दहा मिनिटं आयडलवर चालवून ऑईल गरम असतानाच काढा. इंजिन तापवून पाणी उडून जाईल या भरवशावर राहू नका, आयडलवर ऑईल ८०-९० अंशांच्या आसपासच असतं.

तिसरी भरणी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडची, डीपीएफ असेल तर त्याला चालणाऱ्या कमी राखेच्या ऑईलची. तीही मळकट झाली तर आणखी एक.

इंजिनखालचं

फोर-बाय-फोर गाडीत इंजिन सुरू झालं म्हणजे काम निम्मंच झालं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं आणि मागचं हाउसिंग (ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलचं), चौघांचेही ड्रेन नट उघडून बघा. गरम हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून ओढ्यातून नुसतं पार झालेल्या गाडीतही दुधाळ ऑईल सापडतं. भरताना गिअरबॉक्स आणि हाउसिंगचा ग्रेड एकच असेल असं गृहीत धरू नका, जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑईलचे दर्जे) ते पुस्तिकेत पाहा.

युजे क्रॉसला (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना) ग्रीस गनने इतकं ग्रीस भरा की आधी पाणी, मग जुनं मळकट आणि शेवटी स्वच्छ ग्रीस बाहेर येईल. चारही हबचे बेअरिंग उघडून धुवा. मागचे ड्रम उघडा, गाळ शूजमध्ये दडून राहतो. ब्रेक ऑईल पूर्ण बदला. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असेल, तर पेडल दाबलेल्या स्थितीत लाकडाने अडकवून ठेवा, गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे हलवा. बहुधा सुटते.

५०० किलोमीटरला इंजिन ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदला. काढलेला फिल्टर कापा, त्याचा कागद उलगडून उन्हात धरा. वाळू दिसली तर चेंबर पुन्हा उतरवायचा आहे. तांबूस किंवा चंदेरी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजायला लागलेत. गाडी त्याच दिवशी थांबवा आणि बेअरिंगच्या कॅप उघडून बघा.